त्वचेच्या वाटेनें पोलिओची लस

पन्नाशी उलटलेल्या कोणत्याहि गृहस्थाचा किंवा गृहिणीचा दंड पाहिला, तर तेथें नाण्याएवढा, किंचित् खोलगट असा एक वण बहुधा आढळतो. लहानपणीं देवी टोचल्याची ती खूण होय. त्यांच्या मुलानातवंडांच्या डाव्या दंडावर तसाच, पण लहानसा, दुसरा एक वण असतो. तो क्षयरोगावरील बी.सी.जी. लशीचा. ह्या दोन्ही वणांचा अर्थ एकच : मनुष्याच्या शरीरांत लस पोंचविण्याची सर्वांत जुनी वाट त्वचेंतून जाते. इ. स. १७९६ मध्यें एडवर्ड जेन्नरनें इंग्लंडांत गाईच्या देवीची लस टोचली ती त्वचेंत. आणि १८०२ च्या जून महिन्यांत मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतांतील पहिली देवीची लस मिळाली, तीहि त्वचेंतच.

पुढें रोगांबरोबर लशीहि वाढल्या, आणि त्यांतील बहुतेकांनीं ही जुनी वाट सोडली. कांहीं मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूंत खोल टोचल्या जाऊं लागल्या, कांहीं तोंडावाटें थेंबांनीं दिल्या जाऊं लागल्या. पोलिओच्या लशीला तर ह्या दोन्ही वाटा परिचयाच्या. असें असतां २०१६ सालापासून भारतांतील सरकारी लसीकरण केंद्रांत पोलिओची टोचण्याची लस स्नायूंत न देतां त्वचेंत दिली जाऊं लागली. आणि तीहि पूर्ण मात्रेच्या अवघ्या एक पंचमांश इतकी. हें ऐकून पुष्कळांच्या मनांत सहजच शंका येते कीं, हा मितव्यय कीं कृपणता? लेंकराच्या औषधांत कोणी हात आखडता घेतला काय? ह्या शंकेचें उत्तर शोधणें हाच ह्या भाषणाचा विषय आहे. आणि त्या उत्तराशीं लक्षावधि बालकांच्या पायांतील बळ निगडित असल्यामुळें तो केवळ वैद्यांचा विषय नव्हे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहणें अवश्य आहे. पोलिओचा विषाणु तीन प्रकारचा असतो. मलानें दूषित झालेल्या पाण्यांतून, अन्नांतून किंवा हातांतून तो तोंडावाटें शरीरांत शिरतो आणि आंतड्यांत वाढतो. बहुतेक बालकांत तो आला कधीं आणि गेला कधीं हें घरांतील माणसांना कळतहि नाहीं. परंतु सुमारें दोनशें जणांमागें एकाच्या बाबतींत तो आंतड्यांची सीमा ओलांडतो, रक्तावाटें मज्जारज्जूपर्यंत जातो आणि स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींचा नाश करतो. काल अंगणांत धांवणारें मूल ताप येऊन निजतें आणि उठतें तेव्हां त्याचा पाय लुळा पडलेला असतो. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर प्राणावरच बेततें. एकदां नष्ट झालेल्या त्या पेशी परत मिळत नाहींत, आणि रोग झाल्यावर त्याला बरें करणारें औषधहि नाहीं. जें काय करावयाचें तें आधींच केलें पाहिजे.

तें आधीं करण्याचे दोन उपाय विसाव्या शतकाच्या मध्यास मिळाले. अमेरिकेंत जोनास सॉल्क यांनीं फॉर्मालिननें निर्जीव केलेल्या विषाणूंची लस सिद्ध केली. ती गुणकारी व निर्धोक असल्याचें १२ एप्रिल १९५५ रोजीं जाहीर झालें. ही टोचण्याची लस. त्यानंतर थोड्याच वर्षांत आल्बर्ट सेबिन यांची जिवंत परंतु दुर्बल केलेल्या विषाणूंची लस आली. तीच तोंडांत थेंबांनीं देतात. थेंबांची लस स्वस्त, देण्यास सोपी, आणि आंतड्यांतच प्रतिकारशक्ति उत्पन्न करणारी. तिच्या बळावरच भारतानें ह्या रोगाचा पाडाव केला. देशांतील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

सॉल्कच्या लशीची गोष्ट निराळी. ती अधिक खर्चाची, कारण तिच्यासाठीं विषाणु मोठ्या प्रमाणावर वाढवून मग निर्जीव करावे लागतात. म्हणून ती हातीं आली तेव्हांपासून तिच्यामागें पुरवठ्याचा प्रश्न लागलेला आहे, आणि त्वचेच्या वाटेचा विचारहि त्याच प्रश्नांतून जन्मास आला.

ह्या बाबतींत डेन्मार्क देशाचा इतिहास बोलका आहे. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयांत श्वास बंद पडत चाललेल्या रोग्यांची रीघ लागली, आणि कृत्रिम श्वास देणारीं यंत्रें तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच होतीं. तेव्हां डॉ. ब्योर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रोग्यांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसविण्यांत आली, आणि वैद्यकीचे सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें, रात्रंदिवस, हातानें रबरी पिशवी दाबून त्यांना श्वास पुरवीत राहिले. ज्या राष्ट्रानें आपल्या मुलांचा श्वास असा हातांनीं मोजला, त्याला लशीचें मोल वेगळें सांगावें लागलें नाहीं. १९५५ मध्यें डेन्मार्कनें आपल्याच सरकारी सीरम संस्थेंत सॉल्कची लस तयार केली; आणि ती अधिक मुलांना पुरावी म्हणून स्नायूऐवजीं त्वचेंत, अल्प मात्रेनें टोचण्याचा मार्ग पत्करला. पुढें पुरवठा वाढला, टंचाई सरली आणि ही वाट हळूहळू विस्मृतींत गेली. भारतांत वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत डॉ. टी. जेकब जॉन व त्यांचे सहकारी यांनीं तिचा पुन्हां अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्यें प्रसिद्ध झाले.

आतां प्रश्न असा कीं, मात्रा पंचमांश करूनहि काम भागावें असें त्वचेंत आहे तरी काय? ह्याचें उत्तर त्वचेच्या रचनेंत आहे. त्वचा म्हणजे शरीरावर घातलेलें निर्जीव वस्त्र नव्हे. ती शरीररूपी गांवाची वेस आहे. जुन्या गांवांत वेशीवर जागल्या असे. परका मनुष्य आला कीं तो त्याला हटकी, त्याची खूण ध्यानांत ठेवी आणि चावडीवर जाऊन वर्दी देई. त्वचेच्या थरांत असे असंख्य जागले पसरलेले आहेत. त्यांपैकीं वरच्या थरांतील फांद्याफांद्यांच्या आकाराच्या पेशी १८६८ मध्यें पाउल लांगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्यानें प्रथम पाहिल्या, आणि त्या आजहि त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. त्यांच्या खालच्या थरांतहि त्यांच्या जातीच्या पेशी आहेत. परका पदार्थ सांपडतांच ह्या पेशी त्याचा अंश उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथींत नेऊन पोंचवितात. हाताला जखम झाली म्हणजे काखेंत जी गांठ येते, जिला घरांत अवधाण म्हणतात, तीच ही ग्रंथि. शरीराची ती चावडी. तेथें वर्दी पोंचली कीं त्या विशिष्ट शत्रूविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करण्याचा हुकूम सुटतो.

स्नायूंत अशा जागल्यांची वस्ती विरळ आहे. तेथें लस टोचली तर ती कोणाच्या तरी दृष्टीस पडेपर्यंत पुष्कळशी वाया जाऊं शकते, म्हणून मात्रा मोठी लागते. त्वचेंत मात्र लस वेशीवरच उतरते. थोडक्यांत, मात्रा कमी केली ती लशीच्या गुणांत तडजोड करून नव्हे, तर ती योग्य ठिकाणीं उतरवून. कुत्र्याच्या दंशानंतर द्यावयाच्या लशीच्या बाबतींतहि हाच अनुभव आला, आणि तीहि अनेक ठिकाणीं अल्प मात्रेनें त्वचेंत दिली जाते.

तत्त्व चांगलें, परंतु तें बालकांच्या अंगीं उतरतें काय, हें प्रयोगानेंच ठरवावें लागतें. ओमानमध्यें दोन, चार व सहा महिन्यांच्या वयाला अशा पंचमांश मात्रा त्वचेंत देऊन पाहिल्या गेल्या. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, तीन मात्रांनंतर तिन्ही प्रकारच्या विषाणूंविरुद्ध ९५ टक्क्यांहून अधिक बालकांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें निर्माण झालीं. त्यांचें प्रमाण पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपेक्षां कमी होतें, हेंहि तेथेंच स्पष्टपणें नमूद केलें आहे. त्याच सुमारास क्यूबांत सहा, दहा व चौदा आठवडे अशा जवळजवळच्या वेळीं ह्या मात्रा दिल्या, तेव्हां फळ बरेंच उणें आलें. अगदीं कोवळ्या वयांत आईकडून आलेलीं प्रतिद्रव्यें बालकाच्या रक्तांत असतात आणि तीं लशीलाच झांकून टाकतात. शिवाय दोन मात्रांमध्यें पुरेसें अंतर नसलें तर पहिल्या मात्रेचा संस्कार पक्का होत नाहीं. मग क्यूबांतच चार व आठ महिन्यांच्या वयाला दोन मात्रा देऊन पाहिल्या. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत दोन मात्रांनंतर तिन्ही प्रकारांविरुद्ध ९० टक्क्यांहून अधिक बालकें संरक्षित झाल्याचें दिसून आलें.

ह्या दुसऱ्या प्रयोगांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पहिल्या अल्प मात्रेनंतर बहुतेक बालकांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें फारशीं दिसलींच नाहींत. वरवर पाहणारा म्हणाला असता, लस फुकट गेली. परंतु दुसरी मात्रा मिळतांच आठवड्याभरांत तीं झपाट्यानें वाढलीं. म्हणजे पहिल्या वेळीं शरीरानें शत्रूची ओळख करून घेतली होती, पण तलवार म्यानांतच होती. ती उपसली गेली दुसऱ्या वेळीं. ह्या एका निरीक्षणांत त्वचेच्या वाटेचें सारें सामर्थ्य आहे आणि तिचा सारा धोकाहि आहे. तो धोका कोणता, हें पुढें ओघानें येईल.

ह्या ज्ञानाची कसोटी लागण्याची वेळ २०१६ सालीं आली. पोलिओच्या तीन प्रकारांपैकीं दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणु १९९९ मध्यें अलीगड येथें अखेरचा आढळला होता, आणि २०१५ मध्यें तो जगांतून नाहींसा झाल्याचें प्रमाणित झालें. थेंबांच्या लशींत मात्र त्या प्रकारचा दुर्बल विषाणु जिवंत होता. आणि जेथें पुष्कळ मुलें लशीवांचून राहतात अशा वस्तींत हा दुर्बल विषाणु एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात जात क्वचित् पुन्हां बळ धरतो. म्हणून एप्रिल २०१६ च्या उत्तरार्धांत सुमारें १५५ देशांनीं जवळजवळ एकाच वेळीं थेंबांतील दुसरा प्रकार काढून टाकला; भारतांत हा बदल २५ एप्रिल रोजीं झाला. त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलाला दुसऱ्या प्रकाराविरुद्ध संरक्षण मिळावयाचें तर तें टोचण्याच्या लशींतूनच. साऱ्या जगाला ती एकदम हवी झाली, आणि कारखान्यांना अपेक्षित उत्पादन साधेना. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी स्थिति झाली.

भारतांत दरवर्षीं सुमारें अडीच कोटि बालकें जन्मास येतात. प्रत्येकाला अर्धा मिलिलिटर ह्या पूर्ण मात्रेनें एकदांच टोचावयाचें ठरविलें तरी साडेबारा हजार लिटर लस लागेल. त्वचेंत द्यावयाची मात्रा एक दशांश मिलिलिटर. अशा दोन मात्रा दिल्या तर पांच हजार लिटरमध्यें सर्वांचें भागतें. बरें, ह्यांत केवळ बचतच आहे असें नाहीं. बांगला देशांत झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, त्वचेंत दिलेल्या दोन अल्प मात्रा ह्या स्नायूंत दिलेल्या एका पूर्ण मात्रेपेक्षां अधिक बालकांना दुसऱ्या प्रकाराविरुद्ध संरक्षण देतात. एका पूर्ण मात्रेच्या निम्म्याहून कमी लशींत अधिक फळ, असा हा हिशेब आहे. भारतानें एप्रिल २०१६ मध्यें आठ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत ह्या पद्धतीचा आरंभ केला; महाराष्ट्र हें त्यांपैकीं एक. पुढच्या वर्षीं ती देशभर पसरली. श्रीलंकेनेंहि २०१६ मध्येंच तिचा स्वीकार केला.

आरंभींच तिची एक कठीण परीक्षा झाली. हैदराबाद शहराच्या सांडपाण्यांत लशीपासून बदललेला दुसऱ्या प्रकारचा विषाणु आढळला. मूल एकहि आजारी नव्हतें. परंतु ह्या रोगांत पहिलें लुळें मूल दिसेपर्यंत वाट पाहणें म्हणजे शेंकडो मुलांत तो पसरूं देणें होय. म्हणून जून २०१६ मध्यें एका आठवड्याच्या मोहिमेंत हैदराबाद व रंगारेड्डी जिल्ह्यांतील तीन लाखांहून अधिक बालकांना त्वचेंत अल्प मात्रा टोचण्यांत आली. टंचाईच्या त्या दिवसांत तेवढ्याच लशींत पांच पट मुलांपर्यंत पोंचतां आलें, तें ह्याच वाटेमुळें.

आतां ही टोचणी प्रत्यक्ष कशी दिली जाते तें पाहूं गेल्यास तिच्यांतील कौशल्य कळतें. बालक आईच्या मांडीवर असतें. परिचारिका त्याचा उजवा दंड धरून वरच्या भागाची कातडी किंचित् ताणते. बी.सी.जी. साठीं वापरतात तशी बारीक सुई ती कातडीशीं जवळजवळ समांतर धरते; सुईच्या टोंकाचें तिरपें तोंड वरच्या बाजूस असतें. टोंक जेमतेम कातडींत शिरतें न शिरतें तोंच ती थांबते आणि हळूहळू दट्ट्या दाबते. स्नायूंत टोचतांना लस सहज जाते. येथें मात्र बोटाला अडथळा जाणवतो, आणि तो जाणवलाच पाहिजे. दंडावर मसुरीच्या दाण्यासारखा फिकट फुगवटा उठतो. त्यावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. हा फुगवटा उठला म्हणजे लस वेशीवर पोंचली. तो न उठला तर सुई खोल गेली. ती जागा चोळावयाची नसते; फुगवटा आपोआप जिरतो.

ही पद्धत आधुनिक वैद्यकांत रूढ केली ती चार्ल्स मांटू ह्या फ्रेंच वैद्यानें, क्षयाच्या परीक्षेसाठीं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. तिला हात बसलेला लागतो. गल्लींतल्या केंद्रावर रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या दोन महिन्यांच्या बालकावर दिवसांतून तीस वेळां हें काम अचूक करणारी परिचारिका जें करते, त्याला कलेहून उणें म्हणतां येणार नाहीं. शिवाय ह्या लशीचा स्वभावहि तिला संभाळावा लागतो. थेंबांची लस साठवतांना गोठवली तरी चालते. टोचण्याची लस मात्र गोठली कीं निकामी होते. एकाच पेटींतील दोन कुप्यांना दोन तऱ्हेनें जपावें लागतें.

आतां तो मघांचा धोका. पहिली मात्रा केवळ ओळख करून देते आणि संरक्षण मिळतें तें दुसरीनें, हें वर आलेंच आहे. सरकारी कार्यक्रमांत पहिली मात्रा सहाव्या आठवड्याला आणि दुसरी चौदाव्या आठवड्याला असते. महाराष्ट्रांतील घरांत ह्या दोन तारखांच्या मध्यें काय घडतें, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरीं जाते. सव्वा महिना होतो, बाळाला माहेरच्या गांवीं पहिली लस मिळते. मग बारसें, पाहुणेरावळे, आणि दोनतीन महिन्यांनीं पाळण्यासह सासरची वाट. लसीकरणाचें कार्ड कधीं कधीं माहेरच्या ट्रंकेंत, आजीच्या लुगड्यांच्या घडीखालीं राहून जातें. सासरीं विचारलें तर उत्तर मिळतें, ‘हो, टोचून आणलंय तिकडेच.’ तें खोटेंहि नसतें. एकदां टोचलेलें असतें. परंतु पूर्ण मात्रेच्या एका टोचणीनें जेवढें संरक्षण मिळालें असतें, तेवढेंहि पंचमांशाच्या एका टोचणीनें मिळत नाहीं. अर्ध्यावर सोडलेल्या ह्या वाटेनें पदरांत पडतें तें केवळ समाधान. आणि विषाणूला आईबापांच्या समाधानाशीं कर्तव्य नाहीं.

म्हणजे लशीचा मितव्यय फुकट मिळालेला नाहीं. बाटलींतून जें वांचलें त्याची किंमत कुटुंबाच्या नियमितपणानें भरावयाची आहे. औषधाची मात्रा कमी झाली तेव्हां माणसाच्या दक्षतेची मात्रा वाढली. जानेवारी २०२३ पासून भारतांत नवव्या महिन्यानंतर, गोवराच्या लशीच्या वेळीं, डाव्या दंडावर तिसरी अल्प मात्राहि दिली जाऊं लागली. तिन्ही मिळूनहि पूर्ण मात्रेच्या तीन पंचमांशच भरतात. परंतु त्या तीन निरनिराळ्या दिवशीं, तीन वेळां घराबाहेर पडूनच मिळतात.

सुशिक्षित कुटुंबांत ह्या विषयीं आणखी एक गैरसमज आढळतो. त्यांचीं मुलें बहुधा खाजगी दवाखान्यांत जातात, आणि तेथें पोलिओची पूर्ण मात्रा स्नायूंत, पुष्कळदां इतर लशींबरोबर एकाच टोचणींत दिली जाते. मग घरीं कामाला येणाऱ्या बाईचें मूल सरकारी केंद्रावर एक दशांश मिलिलिटर घेऊन आलें कीं सहज उद्गार निघतो कीं, तें गरिबांचें औषध. हा उद्गार अज्ञानाचा आहे, आणि अपायकारकहि आहे. कारण त्या बाईच्या मनांत तो घर करून राहिला, तर दुसऱ्या वेळीं ती कामावरची खाडी करून कशाला जाईल? पूर्ण मात्रेनें प्रतिद्रव्यांचें प्रमाण अधिक येतें हें खरें. परंतु त्वचेच्या वाटेनें ठरलेल्या वेळीं सर्व मात्रा मिळालेलें मूल पांगळेपणापासून राखलें जातें, हेंहि तितकेंच खरें; आणि जागतिक आरोग्य संघटनेनें ही पद्धत मान्य केलेली आहे. शिवाय सांडपाण्याला श्रीमंत व गरीब हा भेद कळत नाहीं. झोंपडींतील मूल सुरक्षित, तर बंगल्यांतील मूल अधिक सुरक्षित.

ह्या लशीची एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. स्नायूंत द्या किंवा त्वचेंत द्या, निर्जीव विषाणूंची लस मज्जारज्जूचें रक्षण उत्तम करते. परंतु ज्यानें थेंब कधींच घेतले नाहींत त्याच्या आंतड्यांतील विषाणूला ती पुरेशी अडवूं शकत नाहीं. उलट ज्यानें आधीं थेंब घेतले आहेत त्याच्या आंतड्यांतील प्रतिकार ती वाढविते. भारतांतच झालेल्या अभ्यासांनीं हें २०१४ मध्यें दाखवून दिलें. म्हणून भारतांत थेंब आणि टोचणी दोन्ही दिल्या जातात. ‘टोचलें आहे, आतां थेंब कशाला?’ हा प्रश्न जसा चुकीचा, तसाच ‘थेंब दिले आहेत, आतां टोचणी कशाला?’ हाहि.

पुढच्या काळांत सुईचें हें कौशल्य कदाचित् इतकें लागणार नाहीं. सुईवांचून, केवळ द्रवाच्या वेगवान धारेनें त्वचेंत लस सोडणारीं उपकरणें निघालीं आहेत. ओमानच्या व क्यूबाच्या प्रयोगांत तशीच वापरलीं होतीं, आणि पाकिस्तानांत कराची येथील मोहिमेंतहि त्यांचा उपयोग झाला. त्याहिपुढची कल्पना चिकटपट्टीची आहे. टिकलीसारखी ही पट्टी दंडावर दाबली कीं तिच्यावरील, एक मिलिमीटरहूनहि आंखूड अशीं सूक्ष्म टोंकें कातडींत शिरून विरघळतात आणि लस तेथेंच सोडतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक ह्या संस्थेंतील संशोधकांनीं पोलिओच्या लशीची अशी पट्टी माकडांवर वापरून पाहिली. गोवर व रुबेला ह्यांच्या लशीची पट्टी तर गांबियांत बालकांवरहि वापरून झाली आणि तिचे आशादायक निष्कर्ष २०२४ मध्यें प्रसिद्ध झाले. पोलिओच्या लशीच्या बाबतींत अडचण अशी कीं, ती वाळवितांना तिचा गुण घटूं पाहतो. ही अडचण दूर होईल तेव्हां होवो. आज पाळण्यांत असलेल्या मुलासाठीं मात्र परिचारिकेच्या हातांतील ती बारीक सुईच खरी.

आणि रोग तरी कोठें दूर गेला आहे? २०२२ मध्यें लंडनच्या सांडपाण्यांत लशीपासून बदललेला पोलिओचा विषाणु सांपडला. त्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्यांत लस न घेतलेला एक तरुण त्याच जातीच्या विषाणूनें लुळा पडला. ज्या नगरांतून हा रोग केव्हांच हद्दपार झाला असें लोक धरून चालले होते, तेथें तो नळांखालून वाहत होता. मुंबईंत सांडपाण्याची अशी तपासणी २००१ पासून होत आली आहे. पोलिओमुक्त देश म्हणजे ज्या देशाचें दार बंद आहे असा देश. दार बंद ठेवण्याचें काम मात्र प्रत्येक नव्या बालकाबरोबर नव्यानें करावें लागतें.

असो. ज्या घरांत नवें बाळ आलें असेल, तेथें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तीन खुणा कराव्या : सहावा आठवडा, चौदावा आठवडा, आणि नववा महिना पुरा झाल्याचा दिवस. लेक माहेराहून निघाली कीं लोकरीचे मोजे आणि डिंकाचे लाडू ह्यांच्या आधीं लसीकरणाचें कार्ड तिच्या पिशवींत घालावें. आणि घरीं काम करणाऱ्या बाईचें बाळ त्या वयाचें असेल, तर गृहिणीनें तिला तिच्या तारखा विचाराव्या, आणि त्या दिवशीं सकाळची भांडीं तशींच राहूं द्यावीं.